केसांचें औषध आणि छातीची धास्ती

सकाळीं स्नान झाल्यावर कंगव्यांत अडकलेले केस मोजण्याची सवय एखाद्या तरुणास लागली, कीं त्या घरांतील आरशाचें काम दुप्पट होतें. प्रथम कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरून केस मागें सरतात, मग माथ्यावर रुपयाएवढी जागा विरळ दिसूं लागते, आणि एखाद्या लग्नाच्या छायाचित्रांत ती जागा पाठीमागून स्पष्ट उमटली म्हणजे त्याचा धीर सुटतो. आजी माक्याचें तेल सुचविते, आई आवळ्याचा रस पुढें करते, आणि वडील आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवून म्हणतात, “आमचें काय अडलें?” वडिलांचें कांहीं अडलें नाहीं हें खरें, पण ते स्वतः सव्वीस वर्षांचे असतांना त्यांना काय वाटलें होतें, तें त्यांना आतां आठवत नाहीं.

असा एक तरुण श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. तो पुण्यांतील एखाद्या कचेरींत काम करतो, त्याचें लग्न ठरावयाचें आहे, आणि त्वचारोगाच्या डॉक्टरांनीं लिहून दिल्यावरून त्यानें फिनास्टेराइड नांवाची १ मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यावयास सुरुवात केली आहे. गोळ्यांच्या डबींत घडी घातलेला एक कागद असतो. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत त्या औषधाचे सर्व संभाव्य दोष छापलेले असतात. बहुतेक माणसें तो कागद डबीबरोबर टाकून देतात. या तरुणानें तो रात्रीं दिव्याखालीं धरून वाचला, आणि त्यांत ‘स्तन दुखरे होणें, स्तनांची वाढ होणें’ हे शब्द त्याला दिसले. पुरुषाच्या औषधाच्या कागदावर हे शब्द! त्यानें दिवा मालवला, पण झोंप कांहीं आली नाहीं.

पुढील तीन महिन्यांत केस गळण्याचें प्रमाण थोडें कमी झालें. परंतु कंगव्यानें सोडलेली जागा आतां हातानें घेतली. न्हाणीघराचें दार लावून तो रोज छाती दाबून पाहूं लागला. डावी बाजू उजवीपेक्षां किंचित् वर आली आहे काय, सदऱ्याचें कापड घासून कांहीं झोंबतें काय, स्तनाग्रामागें कांहीं टणक लागतें काय, असे प्रश्न तो स्वतःस विचारी, आणि उत्तर रोज निराळें मिळे. आईला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. वडिलांना सांगितली तर ते गोळ्या फेकून द्यावयास सांगतील. मित्रांना सांगितली तर ते हंसतील. डॉक्टरांकडे जावें, तर तेथेंहि सदरा काढावा लागणार. तेव्हां त्यानें गोळीहि सोडली नाहीं आणि चिंताहि सोडली नाहीं.

ही चिंता हंसण्यासारखी नाहीं, आणि अगदीं निराधारहि नाहीं. तिचें वजन मात्र नीट करून पाहिलें पाहिजे. आणि त्यासाठीं ही गोळी मुळांत आली कोठून, तें आधीं समजून घेणें बरें.

खोजा माणसास टक्कल पडत नाहीं, हें निरीक्षण फार जुनें आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रॅटिस याच्या नांवानें चालत आलेल्या सूत्रांत तें आहे, आणि अॅरिस्टॉटलनेंहि तें नोंदविलें आहे. दोन हजारांहून अधिक वर्षें तें एक नवल म्हणूनच राहिलें. १९४२ सालीं जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें त्याची शास्त्रीय परीक्षा केली. तारुण्यापूर्वींच ज्यांचे वृषण निकामी झाले होते किंवा काढले गेले होते अशा पुरुषांच्या डोक्यावरील केस कायम राहतात, असें त्याला आढळलें. परंतु टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी अंतःस्राव त्यांना बाहेरून दिला, म्हणजे त्यांच्यापैकीं ज्यांच्या घराण्यांत टक्कल होतें त्यांचे केस गळूं लागत. देणें थांबविलें कीं गळणें थांबे, पण गेलेले केस परत येत नसत. टक्कल पडण्यास अशा रीतीनें दोन गोष्टी लागतात: घराण्याची देणगी आणि पुरुषी अंतःस्राव. तेलाचा, साबणाचा आणि टोपीचा त्याच्याशीं संबंध नाहीं, हें आज्यांना दुखविल्याशिवाय सांगतां आलें तर सांगावें.

पुढचा दुवा सांपडला तो वेस्ट इंडीजमधील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्य भागांत, सालिनास नांवाच्या खेड्यांत. तेथें कांहीं मुलें जन्मतः मुली समजून वाढविलीं जात, आणि बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांचा आवाज घोगरा होऊन, अंगांत स्नायु भरून, तीं पुरुष आहेत असें उघड होई. गांवकऱ्यांना या प्रकाराचें फारसें आश्चर्य उरलें नव्हतें. त्यांनीं त्याला एक नांवहि देऊन टाकलें होतें. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठांतील ज्युलिअन इम्पेराटो-मॅकगिन्ली या विदुषीनें आपल्या सहकाऱ्यांसह तेथें अभ्यास केला, आणि १९७४ सालीं त्याचें कारण प्रसिद्ध केलें. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरांत डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नांवाचें अधिक तीव्र द्रव्य तयार होतें. डॉक्टर त्यास थोडक्यांत डीएचटी म्हणतात. हें रूपांतर करणारें एन्झाइम या मुलांच्या अंगांत जन्मतःच उणें होतें. मोठेपणीं या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथि लहानच राहत असे आणि त्यांच्या कपाळावरील केस मागें सरत नसत.

औषधें बनविणाऱ्यांस एवढी सूचना पुरेशी होती. तें एन्झाइम गोळीनें दाबून धरतां आलें, तर म्हातारपणीं वाढणारी प्रोस्टेटहि आवरेल आणि टक्कलहि आवरेल. मर्क या अमेरिकन कंपनीचें फिनास्टेराइड याच विचारांतून निघालें. १९९२ सालीं तें ५ मिलिग्रॅमच्या मात्रेंत प्रॉस्कार या नांवानें प्रोस्टेटसाठीं मान्य झालें, आणि १९९७ च्या डिसेंबरांत १ मिलिग्रॅमच्या मात्रेंत प्रोपेशिया या नांवानें डोक्यासाठीं. आतां तें अनेक कंपन्या अनेक नांवांनीं बनवितात.

गोळी निरुपयोगी नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. १८ ते ४१ वर्षांच्या पुरुषांवर दोन वर्षें ज्या परीक्षा झाल्या, त्यांत माथ्यावरील एका ठराविक वर्तुळांतील केस प्रत्यक्ष मोजले होते. गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ८३ जणांचे केस कमी झाले नाहींत. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत असे शेंकडा २८ च निघाले. बिनऔषधाची गोळी म्हणजे रंगानें, आकारानें हुबेहूब तशीच, पण आंत औषध नसलेली. कोणास कोणती मिळाली हें घेणाऱ्यासहि ठाऊक नसतें आणि देणाऱ्यासहि नसतें. हा शब्द पुढें पुन्हां लागणार आहे.

सालिनासच्या त्या पुरुषांविषयीं एक गोष्ट राहिली. डीएचटी त्यांना जन्मापासून उणें होतें, तरी त्यांच्या छातीची वाढ स्त्रियांसारखी झाली नव्हती. मग डबीतल्या कागदावर ते शब्द आले कसे?

याचें उत्तर छातींतच आहे. स्तन ही केवळ स्त्रीची वस्तु आहे अशी समजूत असते, पण प्रत्येक पुरुषाच्या स्तनाग्रामागें त्याच ऊतीचा एक लहानसा अंश सुप्त राहिलेला असतो. स्त्रीअंतःस्राव म्हणजे इस्ट्रोजेन त्यास वाढावयास सांगतो. पुरुषी अंतःस्राव त्यास आवरून धरतो. पुरुषाच्या अंगांत हे दोन्ही असतात, आणि इस्ट्रोजेन तयार होतें तें टेस्टोस्टेरॉनपासूनच. तराजूचें हें पारडें आयुष्यांत तीनदां आपोआप हलतें. नवजात मुलाची छाती आईच्या अंतःस्रावानें कांहीं दिवस फुगलेली असते. आपल्याकडे अंघोळ घालणाऱ्या बाया ती दाबून ‘दूध’ काढीत, तें हेंच. ती चाल अनिष्ट आहे. त्यानें गळूं होतें. पुढें तेराव्या-चौदाव्या वर्षीं निम्म्याच्या आसपास मुलांच्या स्तनाग्रामागें दुखरी गाठोळी येते. पोहावयाच्या तलावावर सदरा काढण्यास कांकूं करणारा मुलगा पुष्कळ शिक्षकांनीं पाहिलेला असतो. त्याचें कारण फार थोड्यांनीं विचारलेलें असतें. बहुधा दोन वर्षांच्या आंत ती आपण होऊन विरते. तिसरी वेळ उतारवयाची. दुसऱ्या महायुद्धांत जपानी छावण्यांत उपासमार सोसलेल्या कांहीं कैद्यांना पोटभर अन्न मिळूं लागल्यावर त्यांची छाती वाढल्याचें डॉक्टरांना आढळलें होतें. अन्नाच्या बदलानेंहि हें पारडें हलूं शकतें.

फिनास्टेराइडनें होतें तें असें. रक्तांतील डीएचटी सुमारें दोनतृतीयांशानें कमी होतें. रूपांतर अडल्यामुळें टेस्टोस्टेरॉन थोडें साचतें, आणि त्यांतून इस्ट्रोजेनहि थोडें अधिक बनतें. ही दोन्हीं सरासरीनें शेंकडा १५ च्या आसपास वाढतात, आणि तरी निरोगी माणसाच्या मर्यादेंतच राहतात. बहुतेकांची छाती एवढ्या फरकाची दखल घेत नाहीं. थोड्यांची घेते.

थोड्यांची म्हणजे किती जणांची, हा प्रश्न गणिताचा आहे. तो न सुटल्यामुळेंच रात्रीची झोंप जाते. १ मिलिग्रॅमच्या मूळ परीक्षांत स्तन दुखरे होण्याचें किंवा वाढण्याचें प्रमाण बिनऔषधाच्या गोळीहून निराळें आढळलें नाहीं. औषध बाजारांत आल्यावर मात्र तशा तक्रारी येत गेल्या, म्हणून त्या कागदावर छापल्या गेल्या. ५ मिलिग्रॅमचे आंकडे अधिक स्पष्ट आहेत. प्रोस्टेट वाढलेल्या ३,०४० पुरुषांवर चार वर्षें झालेल्या परीक्षेंत पहिल्या वर्षीं दर हजारीं ५ जणांनीं स्तनवृद्धीची तक्रार केली. बिनऔषधाच्या गोळीवर हजारीं एकानें. १८,८८२ पुरुषांवर सात वर्षें चाललेल्या आणि २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील मोठ्या परीक्षेंत हेंच प्रमाण हजारीं ४५ आणि २८ असें आलें. हे पुरुष ५५ वर्षांचे व त्याहून वडील होते, आणि त्या वयांत छाती आपण होऊनहि वाढते, तें त्या २८ वरून दिसतेंच. त्या ४५ मधून २८ वजा गेले म्हणजे औषधाच्या वांट्यास हजारीं १७ उरतात. त्या सतरांना तो आंकडा लहान वाटणार नाहीं. पण उरलेल्यांनीं आपण त्यांतलेच आहोंत असें रोज रात्रीं गृहीत धरणें बरोबर नव्हे.

येथें एक त्रैराशिक चुकण्यासारखें आहे. १ मिलिग्रॅम हा ५ चा पांचवा हिस्सा. तेव्हां धोकाहि पांचवा हिस्सा, असें कोणी मांडील. शरीर हें त्रैराशिक मानीत नाहीं. १ मिलिग्रॅमनें डीएचटी जेवढें उतरतें, त्याहून ५ मिलिग्रॅमनें थोडेंसेंच अधिक उतरतें. म्हणूनच अधिक केसांच्या आशेनें मोठी गोळी घेणाऱ्यास लाभ फारसा होत नाहीं. आणि म्हणूनच, लहान गोळी आहे, तिनें कांहीं होणारच नाहीं, असें म्हणून खरी तक्रार उडवून लावणारा सल्लागारहि चुकतो.

चिंतेचा स्वतःचाहि एक हिशेब आहे. इटलींतील फ्लॉरेन्स येथील डॉक्टरांनीं २००७ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रोस्टेटच्या १२० रोग्यांना त्यांनीं ५ मिलिग्रॅम फिनास्टेराइड दिलें. निम्म्यांना सांगितलें कीं यानें कामशक्तीवर परिणाम होऊं शकतो. निम्म्यांना त्याविषयीं कांहींच सांगितलें नाहीं. वर्षानंतर विचारलें तेव्हां ज्यांना सांगितलें होतें त्यांच्यापैकीं शेंकडा ४३.६ जणांनीं तशी तक्रार केली, आणि न सांगितलेल्यांपैकीं शेंकडा १५.३ जणांनीं. औषध एकच, मात्रा एकच. फरक कानांवर पडलेल्या शब्दांचा. हा प्रयोग छातीविषयीं नव्हता, हें विसरूं नये. आणि न सांगितलेल्यांतहि १५ उरलेच, हेंहि विसरूं नये. पण छातीच्या बाबतींत तर भीतीला हातांची जोड मिळते. जी जागा दिवसांतून दहा वेळां चिमटींत धरून दाबली जाते ती दुखरी होते. त्यास गोळी लागत नाहीं. मग ती दुखते म्हणून पुन्हां दाबली जाते.

कोणी म्हणेल, तर मग तो कागद डबींत ठेवूंच नये. हें म्हणणें बरोबर नाहीं. लपविलेल्या दोषाची शिक्षा खऱ्या रोग्यास होते. कागदावर एकच उणीव असते. हजारांत पांच आणि लाखांत एक हे दोन्ही दोष तेथें एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाखालीं एक छापलेले असतात, आणि वाचणारा ते एकाच भीतीनें वाचतो.

आतां त्या न्हाणीघरांतील तरुणाकडे वळावें. त्याच्या हातास जें लागतें तें काय असूं शकेल? सर्वांत संभवनीय उत्तर चरबी हें आहे. कचेरींत बसून बसून पोट सुटतें तशी छातीहि सुटते, आणि त्यास केसांच्या गोळीची गरज नसते. ही चरबी मऊ असते, दुखत नाहीं, आणि तिला निश्चित कांठ नसतो. खरी ग्रंथिवृद्धि निराळी लागते. डॉक्टर रोग्यास उताणें निजवून, त्याचे हात डोक्यामागें घ्यावयास सांगून, अंगठा व तर्जनी दोन्ही बाजूंनीं हळूहळू स्तनाग्राकडे आणतात. चरबी असेल तर बोटें अडथळ्यावांचून स्तनाग्रापर्यंत येऊन मिळतात. ग्रंथि असेल तर स्तनाग्राच्या बरोबर मागें रबरासारखी चिवट, बटणासारखी चकती बोटांत सांपडते. ती बहुधा दुखरी असते. ती एका बाजूस असूं शकते, दोन्ही बाजूंसहि असूं शकते.

तिसरी शक्यता फार विरळ, पण झोंप उडविणारी तीच. पुरुषांना स्तनांचा कर्करोग होतो. स्तनांच्या सर्व कर्करोगांत पुरुषांचा वांटा शेंकडा एक किंवा त्याहूनहि कमी असतो, आणि तोहि बहुतेक उतारवयांत. फिनास्टेराइड घेणाऱ्या कांहीं पुरुषांत तो आढळल्यामुळें २००९ सालीं ब्रिटनच्या औषधनियंत्रण संस्थेनें डॉक्टरांना व रोग्यांना सावध केलें. वर सांगितलेल्या अमेरिकेंतील सात वर्षांच्या परीक्षेंत मात्र असा रोगी औषध घेणाऱ्यांत एक आणि न घेणाऱ्यांतहि एकच निघाला होता. औषधामुळेंच तो होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. तथापि ब्रिटनची ती सूचना साधी व शहाणपणाची होती: गांठ, वेदना, छातीची वाढ किंवा स्तनाग्रांतून स्राव दिसल्यास डॉक्टरांना लगेच सांगावें. विशेषतः गांठ कठीण असेल, न दुखणारी असेल, स्तनाग्रापासून एका बाजूस असेल, वरची कातडी आंत ओढली गेली असेल, स्रावांत रक्त असेल किंवा काखेंत गांठ लागत असेल, तर एक आठवडाहि लाजेंत घालवूं नये.

त्या तरुणानें जवळजवळ पांच महिने घालविले. शेवटीं उजव्या छातीचें दुखणें सदरा घालतांनाहि जाणवूं लागलें, तेव्हां तो गेला. डॉक्टरांनीं छातीस हात लावण्यापूर्वीं इतर पुष्कळ गोष्टी विचारल्या, याचें त्याला नवल वाटलें. पण छाती वाढविणारें औषध एकटें फिनास्टेराइड नव्हे. रक्तदाबासाठीं व हृदयासाठीं दिलें जाणारें स्पायरोनोलॅक्टोन, हृदयाचें जुनें औषध डिगॉक्सिन, आम्लपित्तासाठीं एके काळीं फार खपलेलें सिमेटिडिन, बुरशीवरच्या कीटोकोनॅझोलच्या गोळ्या, हीं सर्व त्या यादींत आहेत. मद्यानें बिघडलेलें यकृत आणि अतिकार्य करणारी थायरॉइड ग्रंथि हींहि आहेत. आणि तरुणांच्या बाबतींत एक प्रश्न विचारावाच लागतो: व्यायामशाळेंत कोणी शरीर पिळदार होण्याचीं इंजेक्शनें टोंचतो काय? बाहेरून टोंचलेल्या टेस्टोस्टेरॉनचें इस्ट्रोजेन होतें, आणि ज्या छातीसाठीं तीं घेतलीं तीच बिघडते. या तरुणानें तसें कांहीं केलें नव्हतें. डॉक्टरांनीं वृषणहि तपासले. तेथील एखादी गांठ कधींकधीं छातीवाटे प्रथम बोलते, म्हणून ती तपासणी टाळतां येत नाहीं. त्या दोन मिनिटांच्या भीतीनेंच पुष्कळ जण डॉक्टरांकडे जात नाहींत.

डाव्या बाजूस, जिची त्याला सर्वांत अधिक धास्ती होती, तेथें चरबीशिवाय कांहीं नव्हतें. उजव्या बाजूस चार आण्याच्या जुन्या नाण्याएवढी चकती होती.

रक्ताच्या तपासण्या झाल्या: टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, यकृत. सोनोग्राफीहि झाली. वाईट कांहीं निघालें नाहीं. मग डॉक्टरांनीं त्याच्यापुढें दोन वाटा मांडल्या, आणि दोन्हींवरचे खांचखळगे दाखविले. गोळी बंद केली तर सुमारें दोन आठवड्यांत डीएचटी पूर्वपदावर येतें, आणि नव्यानें आलेली चकती पुढील कांहीं महिन्यांत बहुधा विरते. पण गोळीनें राखलेले केस वर्षभरांत जातात. गोळी चालू ठेवली तर केस राहतील. परंतु चकती वर्षभर तशीच राहिल्यास तिच्यांत तंतुमय ऊति धरते, आणि मग औषध सोडूनहि ती हटत नाहीं. शस्त्रक्रियाच करावी लागते. ही शस्त्रक्रिया नवी नव्हे. सातव्या शतकांतील ग्रीक वैद्य एजिना येथील पॉल यानेंहि पुरुषाच्या वाढलेल्या छातीवर चंद्रकोरीसारखा छेद घेऊन ती कमी करण्याची रीत लिहून ठेवलेली आहे. त्या काळींहि पुरुषांना या गोष्टीची लाज वाटत असली पाहिजे. एरव्हीं गुंगीच्या औषधांपूर्वींच्या त्या दिवसांत एवढ्यासाठीं कोण सुरीखालीं निजेल?

डॉक्टरांनीं आणखी एक गोष्ट विचारली: मन कसें असतें? त्यानें झोंपेचें सांगितलें. युरोपच्या औषधनियंत्रण संस्थेनें २०२५ सालीं फिनास्टेराइडच्या गोळ्यांच्या दोषांत आत्महत्येचे विचार हा दोष निश्चितपणें धरला आहे. हा दोष छातीच्या दोषाहून अधिक महत्त्वाचा आहे. गोळी घेणाऱ्याचें मन खचूं लागलें, तर घरच्यांनीं त्यास केवळ केसांचें दुःख समजून सोडून देऊं नये. गोळी थांबवावी आणि डॉक्टरांना गांठावें. कामेच्छा कमी होणें किंवा शिथिलता येणें हे दोष शेंकडा एक-दोघांत दिसतात, आणि कांहींनीं गोळी सोडल्यावरहि ते टिकल्याची तक्रार केलेली आहे. लग्न ठरावयाच्या मुलास हेंहि आधीं ठाऊक असणें न्याय्य आहे. आणि घरांत कोणी गर्भवती असेल तर फुटलेल्या किंवा चुरलेल्या गोळीस तिनें हात लावूं नये. पोटांतील मुलग्याची जननेंद्रियें घडण्यास तें डीएचटीच लागतें. सालिनासच्या मुलांची कथा येथें उलट्या बाजूनें पुन्हां भेटते.

तरुणानें दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत त्यानें प्रथमच घरीं तोंड उघडलें, आणि तेंहि आईपाशीं. आईनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “दुखतें का रे फार?” एवढेंच. पांच महिने ज्या संभाषणाच्या भीतीनें त्यानें काढले, तें संभाषण इतकें लहान निघालें. वडिलांना मागाहून कळलें. ते या वेळीं डोक्यावरून हात फिरवून कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या खेपेस डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर गेले आणि बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले.

गोळी बंद झाली. छातीस हात न लावण्याचा नियम डॉक्टरांनीं घालून दिला: महिन्यांतून एकदां, तोहि त्यांच्या समोर. पहिल्या महिन्यांत हा नियम पाळणें त्याला गोळी सोडण्याहून जड गेलें. दुसऱ्या महिन्यांत दुखणें गेलें. चौथ्या महिन्यांत डॉक्टरांना चकतीचा कांठ सांपडेनासा झाला. माथ्यावरची विरळ जागा मात्र पुन्हां पसरूं लागली होती. एका रविवारीं तो न्हाव्याकडे गेला, आणि नेहमींप्रमाणें पुढचे केस लांब ठेवून मागें वळवूं का, असें न्हाव्यानें विचारलें तेव्हां सगळेच बारीक कापावयास सांगून त्यानें डोळे मिटून घेतले.